माल्टाला रिकामं भांडं नेऊ नये

८ जुलै, कोथरूड.

प्रवासाहून आल्यावर बॅग लगेच रिकामी करावी, नाहीतर ती महिनाभर कोपऱ्यात बसून आपल्याकडे बघत राहते. म्हणून आज सकाळी तेच काम काढलं. कपडे मशीनमध्ये टाकले, उरलेली भाजणी डब्यात परत गेली आणि तळाशी दोन पंच्यांत गुंडाळलेलं डोरिसबाईंचं मातीचं भांडं निघालं. कुठे टवकाही उडालेला नाही. ते ओट्यावर ठेवतेय तोच कुंदाताईंचा फोन आला.

कुंदाताई आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. त्यांचा मुलगा माल्टाला नोकरीला आहे आणि येत्या शनिवारी त्या त्याच्याकडे चालल्या आहेत. एकट्या, आणि पहिल्यांदाच देशाबाहेर. मी परत आल्याचं कळल्यापासून त्यांचे फोन चालू आहेत. आधी विचारलं, कढीपत्ता मिळतो का. मग, छत्री न्यावी का. मग, चर्चमध्ये साडी चालते का. आत्ताचा प्रश्न चपलांचा होता. मी म्हटलं, अहो, सगळं एकदाच लिहून देते. सोसायटीच्या गणपतीच्या अंकाला मजकूर लागतोच, त्यांनाही तोच देऊन टाकीन.

तर माल्टा. नकाशात इटलीच्या बुटाखाली समुद्रात शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके दिसतात, तो हा देश. आपल्या महापालिकेच्या हद्दीत तो सहज मावेल. पार्किंगला मात्र जागा उरणार नाही. ती तिकडेही नाही.

विमान खाली उतरायला लागलं की भाजणीच्या रंगाचं एक बेट दिसतं. घरं, कुंपणं, किल्ले, चर्चचे घुमट, सगळं एकाच पिवळट दगडाचं. झाडं थोडी, नदी एकही नाही. नळाला येतं ते बरंचसं समुद्राचंच पाणी, मीठ काढलेलं. पूर्ण काढलेलं असतं असं तिथले लोक म्हणतात. खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला त्या पाण्याचा चहा पहिल्या घोटालाच कळतो. तेव्हा प्यायला आणि चहाला बाटलीचं पाणी घ्यावं. वरणभाताला नळाचं चालतं, मीठ जरा हात राखून घालावं.

मी गेले होते माझ्या मुलीकडे. प्रज्ञा तिथल्या एका इस्पितळात नर्स आहे. आमच्या ह्यांना विमानात बसणं मंजूर नाही, त्यामुळे ते इथेच राहिले. माझ्या कुंड्यांना रोज पाणी घातलं असं त्यांचं म्हणणं आहे. कुंड्यांचं म्हणणं वेगळं दिसतं.

विमानतळावर प्रज्ञाने बॅग उचलून पाहिली, एक सुस्कारा टाकला आणि बसमध्ये बसल्यावर मुद्द्यावर आली.

"आई, डोरिसबाईंशी जरा नीट राहा हं."

"मी कोणाशी नीट राहत नाही?"

ती मला खिडकीबाहेरचे किल्ले दाखवायला लागली.

डोरिसबाई म्हणजे तिच्या घरमालकीण. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा नाही, दक्षिणेकडच्या एका गावात स्वतःचं दुमजली दगडी घर. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. खाली त्या राहतात. वरच्या दोन खोल्या आणि गच्ची प्रज्ञाकडे. इस्पितळाला सोयीचं, शांत, आणि मुख्य म्हणजे एकटीचं. भाडेकरार याच महिन्यात संपत होता. डोरिसबाईंचा पुतण्या त्यांच्या मागे लागला होता की वरची जागा आता पर्यटकांना द्या. त्यांनी ऐकलं असतं तर प्रज्ञाला समुद्राकाठच्या गर्दीच्या शहरात आणखी तिघींबरोबर राहावं लागलं असतं आणि रात्रपाळी करून दोन बस बदलत घरी यावं लागलं असतं. हो की नाही, ते डोरिसबाई फेस्टा झाल्यावर सांगणार होत्या. फेस्टा (गावच्या संताची जत्रा) माझ्या मुक्कामातच येत होता. थोडक्यात, मी अगदी परीक्षेच्या दिवसांत पाहुणी म्हणून येऊन थडकले होते.

त्याच संध्याकाळी डोरिसबाई वर आल्या. बुटक्या, एप्रन बांधलेल्या, गळ्यात सोन्याचा बारीक क्रूस. दोन्ही हातांत फडक्यात धरलेलं भांडं: तपकिरी मातीचं, आतून झिलई केलेलं, काठाला पिवळी रेघ. त्यात इम्आर्रुन (खिमा घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी). वरचा थर कुरकुरीत, आतून मऊ. आम्ही दोन जेवणं त्यावर काढली. प्रज्ञाने मग भांडं घासलं, पुसलं आणि खाली द्यायला निघाली.

"रिकामं?" मी म्हटलं.

"आई, इथे असलं काही नसतं."

"इथे नसेल. आपल्यात आहे."

भांडं तिच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. त्यात काय घालून द्यायचं हेही लगेच ठरवलं. पाटवडी. आम्ही मूळचे नागपूरकडचे. खोबरं, खसखस, तीळ घातलेल्या पाटवड्या मला झोपेतही थापता येतात. सगळं सामान होतं, बेसन तेवढं नव्हतं. प्रज्ञानेच फोनवर सांगितलं होतं, बेसन आणू नकोस, इथे मिळतं. मिळतं खरं, पण आपल्याकडच्या सामानाचं दुकान बसने जाण्याच्या अंतरावर होतं.

आता बसबद्दल. दुसऱ्या दिवशी मी स्टॉपवर सभ्यपणे उभी राहिले. बस आली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. पुढच्या बसनेही तेच केलं. आपल्याकडे बस स्टॉपच्या पुढे जाऊन थांबते आणि आपण धावतो, याची मला सवय आहे. इथे ती थांबतच नव्हती. तिसरी बस दिसल्यावर शेजारच्या बाईने हात आडवा केला आणि बस निमूटपणे उभी राहिली. ड्रायव्हर जालंधरचा निघाला. मी त्याला हिंदीत जाब विचारला.

"आंटी," तो म्हणाला, "हाथ नहीं दिखाओगे, तो हम समझेंगे आप धूप सेंक रही हो."

तेव्हा माल्टात बसला हात करावा, रिक्षाला करतो तसाच. बसचं कार्ड विमानतळावरच घ्यावं. आणि वेळापत्रकावर फार विसंबू नये, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

दुकानाशी पोचले तर दुकान बंद. काचेवर वेळ लिहिली होती. दुपारी चारपर्यंत विश्रांती. मी रागावले नाही. बंद दुकानासमोर दुपारी उभं राहण्याचा आपल्याइतका सराव जगात कोणाला नसेल. पण तिथलं ऊन वेगळं असतं. पिवळ्या दगडावर आपटून ते खालूनही लागतं, म्हणून चारपर्यंत न थांबता परत फिरले. टोपी, पाण्याची बाटली आणि सुती ओढणी जवळ हवीच. चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी जाऊ देत नाहीत, तिथेही ओढणी कामाला येते. साडी चालते, कुंदाताई. साडीकडे लोक जरा जास्तच कौतुकाने बघतात, तेवढं सहन करावं.

नंतरच्या दिवशी लवकर निघायचं ठरवलं आणि चर्चच्या घड्याळाने घात केला. तिथल्या बऱ्याच चर्चना दोन बुरूज आणि दोन घड्याळं असतात. आमच्या गावच्या चर्चच्या एका घड्याळात बरोबर वेळ होती, दुसऱ्यात चुकीची. मी चुकीच्या घड्याळाकडे बघून आरामात बाकावर बसून राहिले. शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं की सैतानाला प्रार्थनेची नेमकी वेळ कळू नये म्हणून ही योजना आहे. सैतानाचं माहीत नाही, माझी बस चुकली, आणि पुढच्या बसने पोचेपर्यंत दुकान पुन्हा विश्रांतीला गेलं होतं. मग आला रविवार, सगळंच बंद. सोमवारी प्रज्ञाला सुट्टी होती आणि तिला मला देश दाखवायचा होता.

तो आम्ही पुढचे काही दिवस पाहिला. राजधानी व्हॅलेटा म्हणजे समुद्रात घुसलेला एक दगडी किल्ला, आत सरळ उभे-आडवे रस्ते आणि ठिकठिकाणी पायऱ्या. शेकडो वर्षांच्या पायांनी त्या गुळगुळीत झाल्या आहेत. मी एकदा बसलेच तिथे, म्हणजे बसायचं मनात नसताना. एका गृहस्थांनी हात देऊन उठवलं आणि माझ्या चपलांकडे पाहून मान हलवली. हे तुमच्या चपलांच्या प्रश्नाचं उत्तर: रबरी, खाचांच्या तळाचे बूट न्या. खाली पडून वरचे लाकडी सज्जे बघण्यात अर्थ नाही, ते उभ्याने जास्त छान दिसतात. हिरवे, लाल, निळे, बंद खिडक्यांचे, घराला पेटी अडकवल्यासारखे.

एका मासेमारीच्या गावात लुत्सू (रंगीत होड्या) पाहिल्या. प्रत्येक होडीच्या नाकाशी दोन्ही बाजूंना एकेक डोळा रंगवलेला. समुद्रावर होडीने स्वतः लक्ष ठेवावं, अशी अपेक्षा. गोझो या शेजारच्या बेटावर गेलो तेव्हा जाताना कोणी तिकीट मागेना. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. प्रज्ञा म्हणाली, ते परतीला घेतात. माणूस बेटावरून जाणार कुठे, येईलच. हिशेब मला पटला. तिथे मेंढीच्या दुधाचं ताजं जबेयना (छोटं गोल चीज) आणि टोमॅटो चोळलेला होब्झ (पाव) खाल्ला. तिथली भाषा ऐकायला अरबीच्या जवळची, देवाला ते अल्ला म्हणतात आणि रविवारी चर्चमध्ये जातात. दोन शब्द शिकून घ्या: बोन्जू (नमस्कार) आणि ग्रात्सी (आभार). इंग्रजी सगळ्यांना येतं, पण हे दोन शब्द बोललं की दुकानदार एखादा संत्र्याचा तुकडा जास्त चाखायला देतो.

या सगळ्यात बेसन राहूनच गेलं आणि भांडं कपाटातच होतं.

डोरिसबाई पहिल्या दिवसांत जिन्याशी भेटल्या की बोन्जू म्हणत. मग नुसती मान हलायला लागली. मग मी दिसले की त्या पाठमोऱ्या होऊन झाडांना पाणी घालत. मला वाटलं, उकाडा वाढलाय.

गुरुवारी प्रज्ञा कामावरून आली ती चेहरा पाडून.

"डोरिसबाई मला जिन्यात म्हणाल्या, तुझ्या आईला आमचं भांडं फारच आवडलेलं दिसतंय."

खरं सांगते, टोमणा ऐकून क्षणभर लक्ष्मी रोडवर असल्यासारखं बरं वाटलं. पण प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भांडं डोरिसबाईंच्या आईचं. दर फेस्टाला सगळ्या घराची मॅकरोनी त्यातच भाजतात. येत्या रविवारी फेस्टा, सगळी मंडळी जेवायला येणार, पुतण्याही येणार आणि जागेचा विषय काढणार. हे तिला आत्ता कळलं होतं.

"आत्ताच्या आत्ता खाली देऊन ये."

"आता तर मुळीच रिकामं देता येणार नाही," मी म्हटलं. "इतके दिवस ठेवून घेऊन रिकामं दिलं तर काय म्हणतील?"

"आई, माझं घर जाईल आणि तू पाटवडीचं बघ."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दूध, पाव, मेणबत्त्या आणि संतांच्या तसबिरी एकत्र मिळतात असं दुकान; रोज जात होते. त्या दिवशी पैसे देताना नजर खालच्या फळीवर गेली. पारदर्शक पिशवीत पिवळसर, रवाळ काहीतरी. दुकानवाल्या बाईला विचारलं, हे काय.

"स्मीड," ती म्हणाली.

रवा. चांगला जाडसर रवा, घरापासून दोन मिनिटांवर, मी आल्या दिवसापासून तिथेच पडलेला. पाटवडीच्या हट्टापायी मी देशभर बसमधून हिंडत होते.

लोण्यावर रवा खमंग भाजला, बदाम घातले, माझ्या बॅगेतली वेलची कुटून घातली. केशर नव्हतं, संत्र्याची साल किसून घातली. शिरा डोरिसबाईंच्या भांड्यात थापला, रात्रभर मुरू दिला आणि शनिवारी सकाळी शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून खाली घेऊन गेले. प्रज्ञा माझ्या मागे दोन पायऱ्या सोडून उभी राहिली.

डोरिसबाईंच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसासाठी मॅकरोनी उकडून निथळत होती, खिमा तयार होता आणि त्या कपाटातून पत्र्याचे ट्रे काढून एकेक नापसंत करत होत्या. त्यांनी भांडं पाहिलं. मग भांड्यात पाहिलं. मग माझ्याकडे.

"आता हे मी कशात काढू?" त्या म्हणाल्या.

याचा मी विचारच केला नव्हता. त्यांना भांडं रिकामं हवं होतं आणि मी ते काठोकाठ भरून आणलं होतं. मी माझ्या कामापुरत्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. बेसन मिळालं नाही. दुकान बंद होतं. घड्याळ चुकीचं होतं. सांगताना माझं मलाच ते शाळेत न गेलेल्या पोराच्या सबबींसारखं वाटलं.

डोरिसबाईंनी हात पुसले. मागचं दार उघडून परसात गेल्या, झाडाचं एक लिंबू तोडून आणलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"एवढंच होतं, तर हे एक टाकून द्यायचं. माझ्याच झाडाचं तोडलं असतं तरी चाललं असतं."

मी लिंबू उचलून हातात घेतलं. खरं तर हे मला ठाऊक होतं. माझी आई चिमूटभर साखर घालून वाटी परत करायची, कधी दोन हिरव्या मिरच्या. कोणी त्यात पक्वान्न शोधत नसे. मला परदेशात आपली शान दाखवायची होती, आणि त्या नादात मुलीचं घर पणाला लागलं होतं.

"ही वडी गोड आहे का?" डोरिसबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक तोंडात टाकली. चावल्या. दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "ताटं तिथे वर आहेत. काढ."

आम्ही तिघींनी वड्या ताटांत काढल्या, भांडं धुतलं, त्यात मॅकरोनी भरली. मी सॉस ढवळला. फार हळू ढवळते, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मी तीनदा सांगितलं की त्यांच्या खिम्यात मीठ कमी आहे. तिथलं नळाचं पाणी वापरूनसुद्धा. दुपारपर्यंत आमचं छान जमलं होतं.

फेस्टाबद्दल लिहायला हवं, कारण फेस्टाच्या दिवसांत जाणाऱ्यांनी तयारीने जावं. सकाळपासून तोफेसारखे बार उडतात. रस्ताभर पताका, लाल मखमली पडदे, विजेच्या कमानी. बँडवाले घामाघूम होऊन वाजवतात, तरुण मंडळी एकमेकांच्या खांद्यावर बसून नाचतात, आणि अमक्या गटाची आतषबाजी तमक्यापेक्षा सरस की नाही, यावर भांडणं होतात. दमलेल्या खांद्यांवरून संताची मूर्ती इंच-इंच पुढे सरकते. ढोल-ताशांत कान तयार झालेल्या माणसाला यात नवीन काही नाही. फरक एवढाच की रस्त्यातल्या लोकांनी घरून खुर्च्या आणलेल्या असतात. ही कल्पना आपल्या मंडळांनी घेण्यासारखी आहे. गाडीवर इमआरेत (खजूर भरून तळलेल्या चौकोनी वड्या) मिळतात. सांजोरीची बहीणच. गरम असताना खाव्यात.

जेवायला डोरिसबाईंकडे लांब टेबल मांडलं होतं. मॅकरोनीचं भांडं मधोमध. पुतण्या अगदी सज्जन दिसणारा माणूस, माझ्यासाठी त्याने स्वतः उठून खुर्ची ओढली. थोड्या वेळाने त्याने विषय काढलाच. बोलणं त्यांच्या भाषेत होतं, पण जिन्याकडे बोट गेलं तेव्हा मला कळलं, आणि प्रज्ञाने काटा खाली ठेवला तेव्हा खात्री पटली.

डोरिसबाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग आम्हालाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाल्या, "वरची जागा दिलेली आहे. वर राहणारी माणसं भांडी परत करतात. उशिरा करतात, पण भरून करतात."

पुतण्याने खांदे उडवले आणि शिऱ्याची तिसरी वडी उचलली. टेबलाखाली प्रज्ञाने माझा हात घट्ट धरला. मला मॅकरोनी वाढून घ्यायची होती, म्हणून मी जरा वेळाने तो सोडवून घेतला.

निघायच्या दिवशी डोरिसबाईंनी एक लहान भांडं हातात दिलं, तशाच पिवळ्या काठाचं, बदामाच्या बिस्किटांनी भरलेलं. बिस्किटं मी वेगळ्या डब्यात आणली, ती आमच्या ह्यांनी कालच संपवली. भांडं देताना त्या एवढंच म्हणाल्या, "हे परत हवंय."

कुंदाताई, आता राहिलेलं. तिथल्या विजेच्या खोबणीला जाड तीन चौकोनी पायांची पिन लागते, ती मुलाकडे असेल, नाहीतर घेऊन जा. तूप, पेढे, चीज, मांस असलं काही बॅगेत चालत नाही, फळंही नाहीत. भाजणी, मसाले, चटण्या चालतात, बेसनसुद्धा न्या. आणि आपल्या रीती खुशाल बरोबर न्याव्यात, फक्त ज्याच्याशी पाळायच्या त्याला त्या तोंडाने सांगाव्यात. कपाटात ठेवून त्या कोणाला कळत नाहीत.

९ जुलै.

आज सकाळी उठल्याबरोबर तीळ भाजले, गूळ घेतला, तुपाचं बोट न लावता वड्या थापल्या. गार झाल्यावर डोरिसबाईंच्या भांड्यात लावल्या, त्याच दोन पंच्यांत गुंडाळल्या आणि बी विंगला गेले. कुंदाताईंची बॅग पलंगावर उघडीच होती.

"अहो, आता यात काडी मावायची नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांची छत्री बाहेर काढली. मग रेनकोट. "जुलैत तिथे पाऊस नसतो," मी म्हटलं. भांडं त्या जागेत नीट बसलं. प्रज्ञा ते तुमच्या मुलाकडून घेऊन जाईल, असंही सांगितलं.

कुंदाताई बॅगेकडे बघत राहिल्या. "म्हणजे येताना मला छत्रीची जागा मोकळी मिळेल."

"नाही," मी म्हटलं. "येताना ती जागा ठेवा. ते भांडं परत येणार आहे."